पांढऱ्यावर काळं

त्यांनी मला पांढऱ्यावर काळं करून दिलं.
मागितलंच होतं मी तसं, चौदा महिने,
दर पत्राची पोच घेऊन.
एकोणीस पानं आली.
अकरांवर नुसतं काळंच.

उरलेल्यांत सापडलं ते असं:
मात्र.
त्यानंतरच्या मंगळवारी.
दुर्दैवाने.
एका ओळीच्या शेवटी एकटाच पूर्णविराम,
तसबीर उतरवल्यावर भिंतीत राहिलेल्या खिळ्यासारखा.
आणि शेवटच्या पानावर, ठळक अक्षरांत:
विभागाने यातून धडा घेतला आहे.

कुठला धडा?
इथं धड एक वाक्य नाही.

रोलंड माझा धाकटा भाऊ.
बॅरोच्या गोदीत एकतीस वर्षं वेल्डर,
पाणबुड्यांची पोटं सांधली त्यानं.
मग डोक्यात रक्ताची एक गाठ झाली
आणि अक्षरं गेली, फक्त अक्षरं.
बोलायचा नीट, चहा करायचा,
शेजारणीच्या कुत्र्याला नावानं हाक मारायचा,
पण छापलेलं पान त्याला दिसायचं
ओहोटीच्या वाळूवर खेकडे पळावेत तसं.

भत्ता कचेरीला हे ठाऊक होतं.
त्यांच्याच पडद्यावर टीप होती:
वाचता येत नाही, फोन करावा.
त्यांनी पत्रं पाठवली. चार.
चौथ्यात लिहिलं होतं, पहिल्या तिन्हींना उत्तर नाही,
सबब भत्ता बंद.

मला ती सापडली पावाच्या डब्याखाली,
कोपऱ्याला कोपरा लावून रचलेली.
मी मार्चमध्ये येणार होते.
माझ्याकडून वाचून घ्यायला ठेवली असणार.
विजेच्या मीटरमध्ये घालायला पैसे नव्हते
आणि महिना फेब्रुवारीचा होता.
पुढचं माझं आहे.
ते मी काळं करते.

विचारलं, एवढं झाकलंत का?
म्हणाले, उघड केलं तर कर्मचारी मोकळेपणानं बोलणार नाहीत.
विचारलं, अशा चौकश्या आजवर किती झाल्या?
एकत्रित नोंद ठेवली जात नाही.
बरं, शिफारशींचं पुढं काय होतं?
त्या संबंधितांकडे पाठवल्या जातात.
मला वाटायचं, संबंधित म्हणजे मी.

रात्री दिव्याखाली ती पानं धरते, तिरकी, मागून, पुढून.
रॉली, आता कळतंय रे
तुला काय दिसत होतं.

मग डंडीहून मॉरॅग आली,
तिच्या मुलीची फाइल घेऊन. तीन वर्षं जुनी.
वाचनालयाच्या टेबलावर पानं शेजारी शेजारी मांडली.
तिच्या फाइलीला काळं फासणारा हात दुसरा होता,
घाईतला असेल, किंवा दयाळू;
शिफारस चौथी उघडी राहून गेली होती:
वाचू न शकणाऱ्या व्यक्तीचा भत्ता
केवळ पत्र पाठवून थांबवू नये.
आधी फोन करावा. न लागल्यास घरी जावे.

माझ्या फाइलीत शिफारस दुसरी. काळी पट्टी.
पर्समध्ये रॉलीची पोलादी पट्टी होती,
कडेला त्याच्या नावाची दोन अक्षरं कोरलेली.
पट्टीला पट्टी लावली.
तीन ओळी, आणि चौथी जेमतेम पाच सेंटिमीटर.
मॉरॅगच्या पानावरही
तीन ओळी, आणि चौथी जेमतेम पाच.

हा पुरावा नव्हे, कळतं मला.
एवढ्या लांबीची हजार वाक्यं असतात.
"प्रशिक्षणात योग्य ती सुधारणा करावी" असंही असेल खाली,
मॉरॅग म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो,
ग्रंथपालानं मान वर करेपर्यंत,
मग थांबता येईना.

मी पुन्हा अर्ज केलाय.
अख्खं पान नको, कुणाचं नाव नको,
तेवढ्याच साडेतीन ओळी.
धडा घेतला म्हणता ना,
मग उभं राहून मोठ्यानं वाचा.
शाळेत आम्हाला तसंच करायला लावत.

वीस दिवसांत कळवतो म्हणाले.
पत्रानं.